सिनेटरच्या चिठ्ठीवर चाललेलं कल्याण

मनिलातल्या एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात माणूस दाखल झालं, की घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बिनपगारी नोकरी लागते. डॉक्टरांकडून आजाराचा लेखी गोषवारा घ्यायचा. बिलाचा अंदाज घ्यायचा. बारंगायच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात खालच्या स्थानिक शासनाच्या कचेरीतून आपण गरीब असल्याचा दाखला आणायचा. सगळ्याच्या झेरॉक्स काढायच्या, फाइल काखेत मारायची आणि रांगा लावायच्या: समाजकल्याण खात्याच्या दारात, सरकारी लॉटरी महामंडळाच्या दारात, मतदारसंघाच्या लोकप्रतिनिधीच्या दारात, ओळख निघाली तर एखाद्या सिनेटरच्याही दारात. तिथे रोख पैसे मिळत नाहीत, एक पत्र मिळतं. या रुग्णाच्या बिलापैकी अमुक इतके पेसो आमच्या खात्यावर घाला, असं रुग्णालयाला सांगणारं. त्याला तिथे 'गॅरंटी लेटर' म्हणतात. एका पत्राने बिल सहसा भागत नाही, म्हणून तीन-चार पत्रांची गोधडी शिवावी लागते.

पैसा जातो सरकारी तिजोरीतून. आभार मात्र ज्याने चिठ्ठी दिली त्याचे मानायचे. ते कधी आणि कसे मानायचे, हे मतदानाच्या दिवशी कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

फिलिपिन्सच्या सामाजिक प्रश्नांवर बोलताना गरिबी, झोपडपट्ट्या, वादळं, मुलांचं कुपोषण, परदेशात राबणाऱ्या आया अशी यादी होते. यादी खरी आहे. पण तिच्यातून असं वाटतं की या देशात कल्याणाची व्यवस्थाच नाही, किंवा पैसाच नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. एकल पालकांसाठी तिथे २००० सालापासून कायदा आहे. गरीब ज्येष्ठांना निवृत्तिवेतन आहे. महिना ५०० पेसो होतं, २०२२ च्या कायद्याने १,००० झालं. २०१९ या एका वर्षात सार्वत्रिक आरोग्यसेवेचा कायदा झाला, गरीब कुटुंबांना सशर्त रोख मदत देणाऱ्या योजनेला कायद्याचं बळ मिळालं आणि रुग्णालयांत मदतीची सगळी खाती एका छताखाली आणणाऱ्या 'मलासाकित सेंटर'चाही कायदा झाला. सरकारी मोजणीप्रमाणे २०२३ मध्ये १५.५ टक्के लोक, म्हणजे सुमारे पावणेदोन कोटी माणसं गरीब होती. त्यासाठी रेषा होती पाच जणांच्या कुटुंबाला महिना १३,८७३ पेसोंची. ती फारच खाली ओढलेली आहे हे मान्य. पण १९८० च्या दशकातल्या दारिद्र्याशी तुलना केली तर देश पुष्कळ पुढे आला आहे.

मग अडतं कुठे? माझ्या मते फिलिपिन्समध्ये कल्याण कमी पडतं त्याचं मोठं कारण असं, की कायद्याने जे नागरिकाचं झालं आहे ते त्याच्यापर्यंत राजकारण्याच्या हातातून जाईल अशी सोय पुन्हा पुन्हा केली जाते. ही सोय चुकून होत नाही. ती अर्थसंकल्पात, आकड्यांनिशी, उघड केली जाते.

२०२४-२५ चं उदाहरण घ्या. 'फिलहेल्थ' ही तिथली राष्ट्रीय आरोग्यविमा संस्था. सार्वत्रिक आरोग्यसेवेचा कायदा तिच्यावरच उभा आहे. नोकरदार तिच्यात वर्गणी भरतात, गरिबांची वर्गणी सरकारने भरायची असते. २०२४ मध्ये अर्थखात्याने ठरवलं, की या संस्थेकडे ८९.९ अब्ज पेसो 'जास्तीचे' पडून आहेत, ते तिजोरीत परत करावेत. ज्या देशात लोक आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४४ टक्के खर्च स्वतःच्या खिशातून करत होते, तिथे विम्याच्या पैशाला जास्तीचा म्हणायला धाडस लागतं. तीन हप्त्यांत ६० अब्ज गेलेही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली म्हणून उरलेले वाचले. एवढ्यावर थांबलं नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात फिलहेल्थला सरकारी अनुदान ठेवलं गेलं शून्य.

त्याच अर्थसंकल्पात 'आकाप' नावाच्या योजनेला २६ अब्ज पेसो मिळाले. किमान वेतनाइतकी किंवा त्याहून कमी कमाई असलेल्यांना अडीनडीला एकरकमी मदत, असं तिचं स्वरूप. सरकारने संसदेपुढे ठेवलेल्या मूळ प्रस्तावात तिच्यासाठी तरतूदच नव्हती. ती संसदेने घातली. आणि सशर्त रोख मदतीच्या योजनेतून, जिथे लाभार्थी ठरलेल्या निकषांवर निवडलेले असतात, तिथून सुमारे ५० अब्ज कापले. मे २०२५ मध्ये निवडणुका होत्या. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी आकापवर अटी घातल्या, निवडणूक आयोगाने मतदानाआधीचे दहा दिवस वाटप थांबवलं. दहा दिवस! त्याआधीच्या महिन्यांत मिळालेली मदत लोक विसरून जातील अशी आयोगाची अपेक्षा असावी.

या दोन प्रकारच्या पैशांतला फरक नीट पाहिला पाहिजे, कारण बाकी सगळं त्याच्यावर आहे.

सशर्त मदतीच्या योजनेचं पूर्ण नाव 'पांताविद पामिल्यांग पिलिपिनो प्रोग्राम'. लोक तिला 'फोर-पीज' म्हणतात. मेक्सिको आणि ब्राझीलचे नमुने समोर ठेवून ती राष्ट्राध्यक्ष आर्रोयो यांच्या काळात, २००७-०८ मध्ये सुरू झाली, बेनिग्नो आकिनो तिसरे यांच्या काळात वाढत जाऊन सुमारे ४४ लाख कुटुंबांपर्यंत पोचली, आणि दुतेर्ते यांनी २०१९ मध्ये तिच्या कायद्यावर सही केली. तीन एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या राजवटींत टिकलेली ही दुर्मीळ गोष्ट. घराचं छप्पर कशाचं, संडास कसा, घरात वस्तू कोणत्या, माणसं किती शिकलेली, अशा माहितीवरून कुटुंबाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधतात आणि यादी ठरते. आईच्या नावाने पैसे येतात: आरोग्यासाठी महिना ७५० पेसो, प्राथमिक शाळेतल्या मुलामागे ३००, माध्यमिकला ५००, त्यावरच्या वर्गांना ७००, तीन मुलांपर्यंत; शिवाय तांदळासाठी ६००. बदल्यात मुलांची शाळेतली हजेरी किमान ८५ टक्के हवी, लहानग्यांची तपासणी आणि जंताचं औषध व्हायला हवं, आईने महिन्यातून एकदा बैठकीला यायचं. सात वर्षांनी कुटुंब बाहेर.

मी या योजनेचा भक्त नाही. तिच्यात ढीगभर दोष आहेत. उत्पन्नाच्या अंदाजावर यादी केली की काही खरे गरीब बाहेर राहतात आणि शेजारच्या पक्क्या घरातली बाई आत येते. मग गल्लीत बोलाचाली होते. अडलेल्या आया आपलं कॅशकार्डच सावकाराकडे गहाण टाकतात, इतक्या सर्रास, की खात्याला त्याविरुद्ध वारंवार ताकीद द्यावी लागते. महागाई रकमेला खाऊन टाकते. २०२२ च्या अखेरीस मनिलात कांदा किलोला ७०० पेसोंच्या घरात गेला होता (लासलगावच्या शेतकऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा). म्हणजे महिन्याचं आरोग्य-अनुदान एका किलो कांद्यात संपत होतं. आणि एक दोष असा आहे की तो कागदावर आधी कुणाला दिसलाच नसता. जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी योजनेचा अभ्यास केला तेव्हा आढळलं, की दुर्गम आणि खूप लाभार्थी असलेल्या गावांत अचानक पैसा आल्याने अंड्यांसारख्या पदार्थांचे भाव चढले, आणि योजनेत नसलेल्या घरांतल्या लहान मुलांची वाढ आणखी खुंटली. एकाच्या ताटात अंडं आलं ते दुसऱ्याच्या ताटातून गेलं. रोख मदतीने सगळे प्रश्न सुटतात असं मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

तरीही ती चिठ्ठीपेक्षा कितीतरी बरी, आणि याचं कारण तिच्या रकमेत शोधू नये. फोर-पीजमधल्या बाईला कुणाच्या दारात जावं लागत नाही. ती यादीत आहे की नाही याची कारणं लिहिलेली आहेत, तिच्यावर तक्रार करता येते, महापौर बदलला तरी पैसे येत राहतात. चिठ्ठीवाल्या बाईला मात्र नकाराचं कारण कुणी देत नाही. तिला अपील नाही. 'साहेब गावाला गेलेत' हे तिथे अंतिम उत्तर असतं.

इथे माझ्या युक्तिवादाला छेद देणारा एक अभ्यास आहे, तो लपवून चालणार नाही. २०१० च्या स्थानिक निवडणुकांचे निकाल तपासले तेव्हा दिसलं, की राजकीय चुरस असलेल्या नगरांपैकी जिथे ही योजना सगळ्या बारंगायांत पोचली होती, तिथे पदावर असलेल्या महापौरांच्या मतांचा वाटा, निम्म्या बारंगायांतच पोचलेल्या नगरांच्या तुलनेत, २६ टक्केबिंदूंनी जास्त होता. योजना केंद्राची, यादी केंद्राची, आणि फळ खाल्लं महापौरांनी. म्हणजे नियमाने दिलेल्या पैशाचंही राजकीय श्रेय लाटता येतंच. मग फरक काय राहिला? माझं उत्तर असं: श्रेय घेणं वेगळं आणि किल्ली हातात असणं वेगळं. महापौराला मत न देणाऱ्या बाईचे पैसे महापौर थांबवू शकत नाही. चिठ्ठी देणारा तिचे थांबवू शकतो, आणि त्याला ते कधी करावंही लागत नाही, कारण तो थांबवू शकतो हे दोघांना ठाऊक असतं.

चिठ्ठीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, आणि ते तिथले साधे लोकच बोलतात. फिलहेल्थ बिलाचा एक तुकडा देतं, उरलेल्याचं काय? डायलिसिसला आज बसायचं असेल तर विम्यातल्या सुधारणेची वाट पाहत थांबता येत नाही. सिनेटरच्या कार्यालयातला माणूस निदान फाइल उघडून बघतो, विचारपूस करतो. हे खरं आहे. चिठ्ठी घेणाऱ्या बाईला लाचार किंवा अडाणी म्हणणाऱ्या मनिलातल्या शिकलेल्या वर्गाचा मला राग येतो. त्याच्याकडे कंपनीचा खासगी विमा असतो. ती बाई समोर असलेल्या व्यवस्थेत सगळ्यात शहाणपणाचं तेच करते आहे. पण चिठ्ठी गरजेची का ठरते? कारण विमा अपुरा आहे. आणि विमा अपुरा ठेवणारे, त्याचं अनुदान शून्यावर आणणारे आणि चिठ्ठीसाठी निधी वाढवणारे सभागृह एकच आहे.

हा खेळ जुना आहे. खासदारांच्या मर्जीने खर्च होणाऱ्या निधीतून बनावट स्वयंसेवी संस्थांमार्फत सुमारे १० अब्ज पेसो गिळले गेल्याचं २०१३ मध्ये उघड झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निधीच घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर खासदाराचं नाव निधीवरून गेलं, पण शिफारशीच्या रूपाने ते समाजकल्याण आणि आरोग्य खात्यांच्या योजनांत परत आलं. दुतेर्तेंच्या पहिल्या वर्षात समाजकल्याण मंत्री असलेल्या ज्युडी तागिवालो, डाव्या चळवळीतून आलेल्या प्राध्यापिका, मदतीसाठी राजकारण्याची शिफारस लागू नये असा आग्रह धरून बसल्या होत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांची नेमणूक नामंजूर झाली. नामंजूर करणारा आयोग सिनेटर आणि प्रतिनिधीगृहाचे सदस्य यांचाच बनलेला असतो. नामंजुरीचं कारण तेवढंच होतं असं मी म्हणत नाही. पण त्या आयोगात शिफारसपत्रांच्या बाजूचं मत कमी नसणार एवढं समजायला फार बुद्धी लागत नाही.

मराठी वाचकाची मनिलाशी ओळख बहुधा मॅगसेसे पुरस्कारामुळे असते. जामखेडचे आरोळे दांपत्य, बाबा आमटे, बानू कोयाजी, पुढे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे अशी नावं आपण अभिमानाने घेतो. १९५८ मध्ये हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तेव्हा सामुदायिक नेतृत्वासाठी तो मिळाला विनोबांना, भूदानासाठी. ज्यांच्या स्मृतीसाठी पुरस्कार आहे त्या रामोन मॅगसेसेंनीही राष्ट्राध्यक्ष असताना जमीनसुधारणेचा कायदा आणला होता. त्यांच्या संसदेने तो १९५५ मध्ये इतका पातळ केला, की सलग ३०० हेक्टरांच्या वरच्या जमिनीलाच हात लागावा. आणि विनोबांना पुरस्कार मिळाला त्याच १९५८ साली तार्लाक प्रांतातली 'हासिएन्दा लुइसिता' ही साडेसहा हजार हेक्टरांच्या आसपासची उसाची जमीन कोहुआंग्को घराण्याच्या ताब्यात गेली. खरेदीला सरकारी पाठबळाचं कर्ज होतं, आणि जमीन पुढे छोट्या शेतकऱ्यांना वाटली जाईल अशी त्यामागे अट होती.

वाटली गेली नाही. या घराण्याच्या कन्या कोराझोन आकिनो १९८६ मध्ये लोकांच्या उठावातून राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांच्याच काळातल्या १९८८ च्या जमीनसुधारणा कायद्यात जमिनीऐवजी कंपनीचे शेअर देण्याची पळवाट होती, आणि लुइसिताने ती वापरली. नोव्हेंबर २००४ मध्ये तिथे संपावर बसलेल्यांवर गोळीबार होऊन सात जण मेले. जमीन ६,२९६ शेतमजुरांना द्यावी हा अंतिम निकाल लागायला २०१२ उजाडलं. चोपन्न वर्षं. इतका वेळ ज्याला जमीन मिळत नाही तो माणूस मालकाकडे, मालक नसेल तर मालकाच्या आमदार भावाकडे मदत मागायला जातो, यात नवल कसलं? चिठ्ठीचं मूळ मला तिथल्या स्वभावात दिसत नाही, जमिनीच्या मालकीत दिसतं. पाश्चात्त्य अभ्यासकांनी उपकाराच्या ओझ्याबद्दल, फिलिपिनो मनाच्या ऋणभावाबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. उपकार फेडण्याची भावना जगात कुठे नसते? प्रश्न हा, की हक्काची वस्तू उपकार म्हणून कोण वाटतंय. १९८७ च्या राज्यघटनेने राजकीय घराणेशाहीला बंदी घातली, पण व्याख्या कायद्यावर सोपवली. तरुणांच्या स्थानिक परिषदांपुरती एक तरतूद सोडली तर घराण्यांनी भरलेल्या संसदेने तो कायदा दशकानुदशकं केलेला नाही.

दुसरीकडे, आवाज उठवू शकला असता असा मोठा वर्ग देशातच नाही. १९७४ मध्ये थोरल्या मार्कोसांनी, म्हणजे आकापवर अटी घालणाऱ्या मार्कोसांच्या वडिलांनी, कामगार परदेशी पाठवण्याचं धोरण आणलं ते तात्पुरता उपाय म्हणून. आज वीस लाखांहून जास्त माणसं कंत्राटावर परदेशात राबतात. २०२४ मध्ये बँकांमार्फत त्यांनी सुमारे साडेचौतीस अब्ज डॉलर घरी पाठवले, देशाच्या उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या आसपास. आपल्या रत्नागिरी-रायगडच्या नि गोव्याच्या खलाशांना हे वेगळं सांगायला नको. जहाजावर त्यांच्या शेजारच्या केबिनमध्ये फिलिपिनोच असतो. खरं तर फिलिपिन्सचं सगळ्यात मोठं समाजकल्याण खातं हाँगकाँगमधल्या स्वयंपाकघरात आणि रियाधमधल्या रुग्णालयात काम करतं. तो पैसा शाळेची फी भरतो, आजोबांची औषधं आणतो, वादळाने उडालेलं छप्पर पुन्हा घालतो, आणि सरकारवरचा दाब कमी करतो. ज्या घरात डॉलर येतात ते घर सरकारी दवाखान्याच्या सुधारणेसाठी मोर्चा काढत नाही, खासगी दवाखान्यात जातं. ज्या घरात येत नाहीत त्याच्याकडे चिठ्ठी उरते.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना लाडकी बहीण आली असेल. तुलना होते, पण अर्धीच. आपल्याकडेही विधानसभेच्या तोंडावर, २०२४ मध्ये, महिना १,५०० रुपये सुरू झाले आणि त्याचं श्रेय फलकांवर चेहऱ्यांनिशी घेतलं गेलं. पण ते निकषांवर थेट खात्यात येतात. आमदाराच्या दारात दर महिन्याला जावं लागत नाही. चिठ्ठीशी खरं नातं सांगतं ते आपल्या रुग्णालयांत चालणारं शिफारसपत्र, आणि ते आपण सगळे ओळखतो. याच महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून शिकून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला होता: काम मागेल त्याला काम, शिफारस कुणाची लागणार नाही. अंमलबजावणीत हजार भानगडी झाल्या, पण कल्पना स्वच्छ होती, आणि मनिलातल्या वादात मला तिचीच उणीव जाणवते.

नियमाने दिलेली मदत कोरडी असते, माणुसकी हवी, असं चिठ्ठीवाले म्हणतात. माणुसकीचं उदाहरण तिथलंच देतो. एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत, क्वेझोन सिटीच्या मागिनहावा रस्त्यावर एका तरुणीने बांबूची गाडी उभी केली. तिच्यावर भाज्या, तांदूळ आणि एक पाटी: ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे न्या. दाखला नाही, यादी नाही, फोटो नाही. काही दिवसांत देशभर अशा गाड्या उभ्या राहिल्या. आणि आठवड्याच्या आत पोलीस तिच्या संघटनेची, विचारांची चौकशी करू लागले; समाजमाध्यमांवर कम्युनिस्टांशी संबंध जोडले गेले, भीतीपोटी तिला एक दिवस गाडी बंद ठेवावी लागली. वाटीभर मोनगो डाळ वाटणाऱ्या गाडीत धोका काय होता? तिच्यावर कुणाचंही नाव नव्हतं, हा.

२०२५ च्या उन्हाळ्यानंतर हवा थोडी बदलली. पूरनियंत्रणाच्या प्रकल्पांत, २०२२ पासूनच्या ५४५ अब्ज पेसोंच्या कामांत, मोठी लूट झाल्याचं बाहेर आलं. २१ सप्टेंबरला, १९७२ च्या लष्करी कायद्याच्या स्मरणदिनी, लोक मनिलाच्या रस्त्यांवर आले. आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी फिलहेल्थचे ते ६० अब्ज परत देण्याची घोषणा केली होती. त्याआधी जुलैत त्यांनी सांगितलं होतं, की आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत साध्या वॉर्डात दाखल होणाऱ्याला बिलच येणार नाही. ही पहिल्यांदाच चिठ्ठीच्या मुळावर आलेली गोष्ट आहे, म्हणून तिचं स्वागत करतो. पण तिची हद्द पाहा. १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानंतर प्रांतांची आणि जिल्ह्यांची बहुतेक रुग्णालयं राज्यपाल नि महापौरांच्या ताब्यात गेली. घोषणा झाली तेव्हा ही रुग्णालयं तिच्याबाहेर होती. समार बेटाच्या आतल्या गावात अपेंडिक्स फुटलेलं मूल आधी नेतात ते तिथेच.